प्रकरण चौदावे : सव्वा ते पावणेदोन

मार्गदर्शक बाईंनी प्रबंधाचा मसुदा परत पाठवला तेव्हा पहिल्याच पानावर लाल शाईत एक ओळ होती. 'अशी माणसं नसतात.'

भिंगरीने ती ओळ तीनदा वाचली. मग आणखी कुठे काही लिहिलंय का, ते बघायला तिने दोनशे बारा पानं उलटली. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर लिहिलं होतं. तिथे तिने नोंदवलं होतं की दुपारी सव्वातीनला मोठ्या भावाने धाकट्यासाठी पाणी आणलं, त्याच क्षणी धाकट्यानेही मोठ्यासाठी आणलं, आणि दोघे भरलेले पेले हातात धरून 'आधी तू' 'आधी तू' करत अकरा मिनिटं उभे राहिले. समासात बाईंनी विचारलं होतं, 'यांना कोणी ओलीस ठेवलं आहे का?'

प्रबंधाचा विषय होता कौटुंबिक कारखान्यातले मतभेद : ते उठतात कसे आणि मिटतात कसे. त्यासाठी भिंगरी घरच्याच शिड्यांच्या कारखान्यात आठ महिने, म्हणजे कामाचे एकशे एकेचाळीस दिवस, कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसली होती. मतभेद सापडले शून्य. शून्यावर दोनशे बारा पानं लिहिणं म्हणजे काही खायचं काम नव्हे, पण पोरगी चिकाटीची.

आता कोणी म्हणेल, जी याच घरात जन्मली तिला संशय कसा आला नाही. बिजागरीचं प्रकरण तर तिच्या डोळ्यांदेखत घडलेलं. घडीच्या शिडीला पितळी बिजागरी लावायची की लोखंडी, यावरून मोठे काका आणि बाबा सहा वर्षं एकमेकांशी फक्त फोरमनमार्फत बोलत होते, तेही एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून. पण भिंगरी शिकलेली होती, आणि शिकलेल्या माणसाचा डोळ्यांपेक्षा वहीवर जास्त भरवसा असतो. वहीत शून्य होतं. तिला वाटलं, माणसं सुधारतात.

बाईंना तसं वाटत नव्हतं. फोनवर त्यांनी शांतपणे सांगितलं की मुदतवाढ दोनदा घेऊन झाली आहे, तिसरी मिळत नाही. दहा दिवसांत खरी निरीक्षणं आली तर प्रबंध पुढे जाईल, नाहीतर पाच वर्षांचं काम कपाटात जाईल. आणि ज्यांची निरीक्षणं आहेत त्या प्रत्येकाची संमतीची सही हवी, मालकाची तर हवीच.

म्हणून रविवारी सकाळी दहाला भिंगरीने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बोलावलं.

घर कारखान्याच्या वरच होतं. टेबल पणजोबांनी नापास केलेल्या शिड्यांचं केलेलं, त्यामुळे त्याला खाली पाय टेकायला पायऱ्या होत्या आणि लहानपणापासून ज्याची त्याची पायरी ठरलेली होती. डोक्याशी नाना, म्हणजे आजोबा, वय एक्याऐंशी, कारखान्याचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला आत्या, तिन्ही भावंडांत थोरली. कारखान्यातली प्रत्येक शिडी बाहेर पडण्याआधी ती तिच्या तिसऱ्या पायरीवर चढून दोन उड्या मारायची. शिडी मोडली नाही तर पास. गेली चौतीस वर्षं शिड्याही मोडत होत्या आणि आत्या तशीच होती. डाव्या हाताला मोठे काका, गिऱ्हाइकांशी बोलणारे, आणि काकू, माल पाठवणारी. समोर बाबा, सुतारकाम बघणारे, आणि आई. आई शाळेत शिकवायची आणि कारखान्यात पाऊल टाकत नसे. तिला घरात तटस्थ राष्ट्र मानत.

भिंगरीने मसुदा टेबलावर ठेवला आणि एकच प्रश्न विचारला. गेल्या आठ महिन्यांत तुम्ही भांडलात का?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे तर भर सकाळी पौर्णिमा पडली. मोठ्या काकांनी भांडणाची नेमकी व्याख्या काय ते विचारलं. आत्या छताकडे बघून म्हणाली की तिथे पोपडे आलेत. काकूने तिसऱ्यांदा साखर ढवळली. तटस्थ राष्ट्र चहा गरम करायला उठलं, आणि चहा तर वाफाळत होता. नाना काही न बोलता सगळ्यांकडे बघत होते, पण ते नेहमीच तसे बघत, म्हणून त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"रोज," बाबा म्हणाले.

"धाकट्या," आत्या म्हणाली.

"ताई, पोरगी नापास होतेय. आता काय लपवायचं? रोज भांडलो गं. शनिवारी दोनदा."

मग सगळं बाहेर पडलं, आणि एकाच तोंडाने नाही, चार तोंडांनी. भिंगरीला ते जुळवून घ्यायला अर्धा तास लागला.

ती स्टूल घेऊन खाली बसणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याने दोन्ही भावांना आणि काकूला बोलावून बजावलं होतं. पोरीचा अभ्यास छापला जाणार, चार शहाणी माणसं वाचणार, आणि घराण्याची लक्तरं काय पुस्तकात वाळत घालायची? तेव्हा नीट वागायचं. किती दिवस, असं काकूने विचारलं, तर आत्या म्हणाली एकदोन. पोरांचे अभ्यास असे किती चालतात?

तिसऱ्या दिवशी मोठे काका निळे पडायला लागले. त्यांना बाबांना काहीतरी सांगायचं होतं, पण भिंगरी समोर बसली होती, म्हणून ते जाऊन त्यांच्यासाठी पंखा लावून आले. पाचव्या दिवशी बाबांनी रागाच्या भरात मोठ्या काकांना 'छान दिसतोयस' म्हटलं. असं चाललं असतं तर कोणाचं तरी डोकं फुटलं असतं. पण भिंगरी शास्त्राला धरून वागणारी. ती रोज बरोब्बर सव्वा वाजता जेवायला वर जायची आणि पावणेदोनला खाली यायची. कारखान्याच्या मागे वॉर्निशची खोली होती, जाड दाराची, खिडकी नसलेली. सहाव्या दिवशी सव्वा वाजून एक मिनिटाने चौघेही तिथे पोचले, एकमेकांना न सांगता.

पहिल्या दिवशी चार भांडणं एकदम झाली आणि कोणालाच कोणाचं ऐकू आलं नाही. म्हणून काकूने वही घातली. माल पाठवायची वही तिच्याकडे होतीच, तिने उलट्या बाजूने सुरुवात केली. तारीख, कोण कोणाशी, विषय, वेळ, निकाल. एका भांडणाला दहा मिनिटं, दिवसाला तीन भांडणं, शनिवारी संध्याकाळी भिंगरी वर गेल्यावर जादा एक. विषय एका ओळीत सांगता आला पाहिजे. पाच वर्षांपेक्षा जुना विषय काढायचा तर परवानगी घ्यायची. भांडणाऱ्यांत आत्या नसेल तेव्हा आत्या पंच. आणि उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी बरोबर धरणार नाही, मग त्याचं बरोबर असलं तरी.

आवाज वर जाऊ नये म्हणून सुतार त्या अर्ध्या तासात करवत रिकामीच चालू ठेवत. प्रबंधाच्या एकशे चाराव्या पानावर भिंगरीने लिहिलं होतं की येथील कामगार जेवणाच्या सुट्टीतही स्वेच्छेने काम करतात.

"आणि मी जेवून लवकर उठले असते तर?" तिने विचारलं.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली की तिची सुट्टी एक ते दोनच असायची आणि भाजी गार लागते म्हणून ती रोज दोनदा गरम करत होती, त्यात तिला वेगळं काही वाटलं नाही. तटस्थ राष्ट्राने आठ महिने रसद पुरवली होती.

रागवायला भिंगरीकडे दहाच दिवस होते, आणि त्यातला एक अर्धा संपला होता. तिने वही मागितली. काकूने आधी आढेवेढे घेतले, मग ती खाली गेली आणि लाल कापडी बांधणीची जाडजूड वही घेऊन आली. भिंगरी उभ्याउभ्याच वाचायला लागली.

'मोठे–धाकटे. विषय : रंधा जागेवर न ठेवणे. वेळ : नऊ मिनिटे. निकाल : रंधा सापडला.'

'ताई–धाकटे. विषय : ताईची उडी धाकट्यांच्या पायावर. वेळ : दहा मिनिटे. निकाल : बर्फ.'

'मी–मोठे. विषय : "तुला काय कळतं" हे वाक्य. वेळ : दहा मिनिटे. निकाल : वाक्य मागे घेतले. मंगळवारी पुन्हा वापरले.'

चौथ्या महिन्यात एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. बाबांनी हात पुढे केला, पण भिंगरीने वाचलं होतं.

'मोठे–धाकटे. विषय : बिजागरी (जुना, परवानगी घेतली). वेळ : सात मिनिटे. निकाल : दोन्ही प्रकार ठेवायचे. धाकटे रडले. मोठे खिडकीकडे बघत होते. त्या खोलीला खिडकी नाही.'

सहा वर्षांचं भांडण सात मिनिटांत मिटलं होतं, आणि तीन मिनिटं शिल्लक राहिली होती.

भिंगरी मग खाली बसली आणि पेन्सिलीने आकडे मांडत सुटली. पहिल्या महिन्यात प्रत्येक भांडण दहा मिनिटं पुरेपूर चाललेलं. पाचव्या महिन्यात सरासरी सहावर आली. शेवटच्या महिन्यात अकरा नोंदी अशा होत्या : 'विषय : नाही. वेळ : दहा मिनिटे. निकाल : चहा.' म्हणजे भांडायला काही उरलं नव्हतं, तरी ही माणसं ठरलेल्या वेळी वॉर्निशच्या वासात जाऊन बसत होती. तिने पाच वर्षांत शंभर प्रबंध वाचले होते. असलं काही तिने एकातही वाचलं नव्हतं. तिने आठ महिने मेहनतीने जे पाहिलं ते सगळं नाटक होतं, आणि काकूने मालाच्या वहीत उलट्या बाजूने जे खरडलं तो खरा अभ्यास होता.

"मला हे हवंय," ती म्हणाली. "सगळंच्या सगळं. आणि सगळ्यांच्या सह्या."

इथे घराचे दोन तट पडले, आणि नेहमीचे नव्हेत. बाबा आणि मोठे काका एका बाजूला गेले, जे बिजागरीपूर्वी शेवटचं झालं होतं. दोघांचं म्हणणं, रंध्याचं छाप, बर्फाचं छाप, पण दुमडलेलं पान नको. काकू म्हणाली की आठ महिने हात दुखेस्तोवर तिने लिहिलं, आता एक पान गाळलं तर वही खोटी. आत्या आधी भावांच्या बाजूने होती, कारण अब्रू. मग तिने सहज विचारलं की पंच म्हणून तिचा उल्लेख कितीदा आहे. भिंगरीने मोजून सांगितलं, दोनशे शहाण्णव. आत्याने पदर सावरला आणि म्हणाली की शास्त्राच्या कामात आपण आडवं येऊ नये.

नावं छापायची नसतात, असं भिंगरीने समजावलं. व्यक्ती 'क', व्यक्ती 'ख' असं लिहितात. मोठे काका म्हणाले की 'क' म्हणजे काका हे शेंबडं पोरही ओळखेल. मग आकडे घ्यावेत असं ठरलं, तर एक नंबर कोणाचा यावर पाच मिनिटं गेली. शेवटी आईने सुचवलं की लाकडाचा धंदा आहे, लाकडांची नावं द्या. ते सगळ्यांना पटलं. मोठ्या काकांनी ताबडतोब साग घेतला. आत्याने शिसव. काकू म्हणाली मला बाभूळ चालेल, नवऱ्याला विचारा का ते. बाबांना काय उरलं ते बघायला भिंगरी यादी करत होती, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मला प्लायवूड केलंस तर मी सही करणार नाही, सांगून ठेवतो." त्यांना देवदार मिळाला. देवदार म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला, आणि ते म्हणाले की देवदार रडला असं लिहिलं तर वाईट दिसणार नाही. मोठ्या काकांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, साग खिडकीकडे बघत होता हेही तसं ठीकच आहे.

चार सह्या झाल्या. उरली मालकाची. भिंगरीने कागद नानांपुढे सरकवला.

नानांपुढे वही होती. ती त्यांच्याकडे कधी गेली कोणाला कळलं नव्हतं. ते भिंगातून एकेक पान बघत होते आणि बोटाने एकच रकाना खाली खाली तपासत होते. कोण कोणाशी.

"माझं नाव कुठे आहे?" ते म्हणाले.

"तुमचं कसं असेल, नाना?" मोठे काका म्हणाले. "तुम्ही तर एक ते दोन ऑफिसात पडलेले असता."

"तिथे डोळे मिटून पडतो मी. हे नाटक चाललंय असं मला कोणी सांगितलं होतं?"

मोठ्या काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने बाबांकडे. बाबांनी काकूकडे, काकूने आईकडे, आणि आईने चहाच्या भांड्याकडे. प्रत्येकाला वाटलं होतं दुसऱ्याने सांगितलं असेल. अळीमिळी गुपचिळीच्या नादात एका माणसाला खेळात घ्यायचंच राहून गेलं होतं.

नानांनी भिंग खाली ठेवलं. मग ते बोलायला लागले, आणि त्या घरात नाना सलग चार वाक्यं बोलले की लोक घड्याळ बघत.

"पहिल्याच आठवड्यात या मोठ्याने मला विचारलं, नाना, खुर्ची आणू का. याने. जन्मात कधी विचारलं नाही. मी हो म्हणायच्या आत त्या धाकट्याने दुसरी आणली. दोन खुर्च्या. मी म्हटलं, संपलं. यांना डॉक्टरने काहीतरी सांगितलंय."

"नाना," आत्या म्हणाली.

"सगळे एकमेकांशी असे हळू बोलायला लागले. कोणी कोणावर ओरडेना. आजारी माणसाच्या घरात बोलतात तसं. मी डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, ठणठणीत आहात. मी म्हटलं, यालाही सांगून ठेवलंय. मग लांबच्या एका डॉक्टरकडे गेलो, नाव बदलून. तोही म्हणाला ठणठणीत. तेव्हा मात्र मी घाबरलो."

कोणाला हसू येत होतं आणि कोणी हसत नव्हतं. नानांनी पुढे सांगितलं की त्यांनी मग आवराआवर सुरू केली. समोरच्या किल्लीवाल्याकडून तीस वर्षांपूर्वी आणलेली पक्कड ते परत करून आले, आणि आता तो रोज येऊन बसतो. कोणत्या शिडीवरून आपल्याला खाली आणायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच.

"आठ महिने मी मरायची तयारी केली," नाना म्हणाले. "आणि तुम्ही चारशेच्या वर भांडणं केलीत. त्यात माझ्याशी एक नाही. दहा मिनिटं नाहीत कोणाकडे." त्यांनी कागद भिंगरीकडे परत सरकवला. "ज्या कारखान्यात मी नाहीच, त्याची सही मी कशाला करू?"

मग जे झालं ते भिंगरीने गेले आठ महिने रोज पाहिलं होतं. सगळे गोड झाले. मोठ्या काकांनी पाठीमागे उशी ठेवली. बाबांनी पाणी आणलं. आत्या म्हणाली की नाना, तुमच्याशी कोण भांडणार, तुम्ही म्हणजे देवमाणूस. देवमाणूस म्हटल्यावर नानांनी डोळे मिटून घेतले.

भिंगरी ते बघत होती. सही मिळाली नाही तर वही उपयोगाची नव्हती आणि पाच वर्षंही नव्हती, हे तिला ठाऊक होतं. या माणसाला आत्ता कसंही करून खूश ठेवायला हवं, हेही ठाऊक होतं. आणि खूश ठेवण्यानेच त्यांना कसं लागतंय, ते तिला समोर दिसत होतं. शिकलेलं सगळं एका बाजूला ठेवून ती उठून उभी राहिली.

"तुमच्याशी कोणी भांडत नाही, नाना, कारण तुम्ही थांबत नाही."

नानांनी डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"रोज नऊ वाजता तुम्ही प्रत्येकाजवळ येता. शिडीवर टिचकी मारता, 'सगळं ठीक ना' म्हणता आणि पुढे जाता. मी मोजलंय. उत्तराला दोन सेकंद मिळतात. बाबांना 'नाही' म्हणायला तीन लागतात, ते अडखळतात."

"भिंगरी," आई म्हणाली.

"दोन सेकंद कमी वाटतात तुला?" नाना म्हणाले. "माझे वडील विचारायचेच नाहीत. शिडीवर चढायचे, वरून सगळ्यांकडे बघायचे आणि उतरून निघून जायचे."

"मग ते चुकत होते."

भिंतीवर पणजोबांचा फोटो होता. काकूने त्याच्याकडे पाहून घेतलं, उगाच. या घरात तीन पिढ्यांत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

"ते चुकत नव्हते. ते घाईत होते," नाना म्हणाले. "बस खाली."

"नाही बसणार."

"मग उभी राहा. उभ्याने बोल." नाना खुर्चीत पुढे सरकले. उशी खाली पडली. "आणखी काय मोजलंस?"

"माझ्या परवानगीच्या कागदावर तुम्ही न वाचता सही केलीत. पाच वर्षं मी काय शिकतेय ते एकदा विचारलं नाहीत."

"विचारलं होतं. तू म्हणालीस, माणसं कामाच्या जागी एकमेकांशी कशी वागतात ते. मी म्हटलं, बरं."

"बरं म्हणजे काय, नाना?"

"बरं म्हणजे मला कळलं नाही," नाना म्हणाले. "साठ वर्षं माणसं घेऊन काम केलं, आणि नातीला वाटतंय की त्यात शिकण्यासारखं काहीतरी आहे. आता मला ते कळत नाही हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तू मला समजावलं असतंस?"

"विचारलं असतंत तर समजावलं असतं."

"तू पण दोन सेकंदच थांबलीस."

ते खरं होतं. पण भिंगरीला उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण आत्याने टेबलावर हात आपटला. आत्या म्हणाली की विषय निघालाच आहे तर तिलाही बोलायचंय. चौतीस वर्षं ती शिड्यांवर उड्या मारतेय, गुडघ्यांचा पार भुगा झालाय, आणि नानांनी एकदाही विचारलं नाही की पाय दुखतात का. विचारतात काय, तर शिडी ठीक आहे ना. नाना म्हणाले की शिडीला बोलता येत नाही म्हणून शिडीचं विचारतो, तुला येतं, तू बोलायचंस. मोठे काका म्हणाले की सत्तावन्न वर्षांच्या माणसाला गिऱ्हाइकासमोर 'लहान आहे तो' म्हणणं शोभत नाही. नाना म्हणाले, लहान आहेस म्हणून तर सागवान मागून घेतलंस. काकूचं म्हणणं होतं की तिने घातलेला प्रत्येक शिक्का नाना पुन्हा पुसून घालतात. नानांचं म्हणणं होतं की तो वाकडा असतो. मग दोघांनी एक कागद मागवून शिक्का मारून बघितला, आणि तो वाकडा होता, आणि काकू म्हणाली की टेबलच वाकडं आहे.

बाबा बराच वेळ तोंड उघडून बंद करत होते. शेवटी त्यांचं वाक्य बाहेर पडलं.

"नाना, सगळं ठीक... सगळं ठीक नाहीये. मोठी करवत गेलं वर्षभर डावीकडे ओढते. मी रोज सांगणार होतो."

नाना थांबले. तीन सेकंद गेले, चार गेले.

"मग इतके दिवस काय मुहूर्त बघत होतास?" ते म्हणाले. "उद्या बघतो तिला. आणि डावीकडे ओढत नाही ती, तू उजवीकडे ढकलतोस."

यावर बाबा जे बोलले ते त्यांनी तीस वर्षं साठवलेलं होतं, आणि ते अडखळले नाहीत.

नानांनी एकाचंही म्हणणं मान्य केलं नाही. पण त्यांचे कान लाल झाले होते, आवाज खालच्या सुतारशाळेपर्यंत पोचेल असा चढला होता, आणि दोन डॉक्टरांनी जे सांगूनही त्यांना पटलं नव्हतं ते आता त्यांच्याकडे बघणाऱ्या कोणालाही पटलं असतं. आईने मध्येच जेवणाची ताटं मांडली आणि ती तशीच राहिली. दहा मिनिटांचा नियम आत्याने दोनदा आठवण करून द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा नाना म्हणाले की पंच स्वतः भांडत असेल तर तो पंच नव्हे.

अखेर काकूने वही ओढून घेतली. सवयच ती. तिने तारीख घातली. 'कोण कोणाशी'च्या रकान्यात लिहिलं, नाना–सगळे. विषयाच्या रकान्यात एका ओळीत मावेना, म्हणून तिने लिहिलं, साठलेले. वेळेच्या रकान्यात अठ्ठावन्न मिनिटं.

"निकाल काय लिहू?" तिने विचारलं.

आत्या म्हणाली, बरोबरी. मोठे काका म्हणाले, बरोबरी कुठे, त्यांनी एक तरी गोष्ट कबूल केली का. बाबा म्हणाले, करवत बघतो म्हणाले ना. आत्या म्हणाली, बघतो म्हणणं म्हणजे कबूल करणं नव्हे. काकू लेखणी उचलून बसली होती.

नानांनी वहीत वाकून आपलं नाव वाचलं. भिंग घेऊन पुन्हा एकदा वाचलं.

"लिही," ते म्हणाले. "चालू आहे."

काकूने लिहिलं. नानांनी तिच्या हातातून लेखणी घेतली, संमतीचा कागद भिंगरीकडून मागून घेतला, या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, एका ठिकाणी भुवया वर केल्या, आणि खाली पूर्ण नावाने सही केली. मग सहीच्या खाली त्यांनी स्वतःहून एक ओळ घातली. 'वाचले. सर्वच पटले नाही. मालक.'

भिंगरीने कागद वाळायला पुढ्यात धरला. तिला काहीतरी म्हणायचं होतं, निदान आभार तरी, पण नाना मोठ्या काकांकडे वळले होते, मोठे काका काकूकडे, आणि आत्या खुर्चीवर उभी राहून काहीतरी दाखवत होती. आई ताटातल्या पोळीने इशारे करत बाबांना सांगत होती की शाळेत तिचंही काही कमी नाही, तिला पण वहीत एक जागा हवीय. कोणी हळू बोलत नव्हतं. कोणी कोणाला आधी तू म्हणत नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

तिने पेन्सिलीला टोक केलं, कोरं पान उघडलं आणि लिहायला बसली.